अक्षता एकदाच पडतात

कॅमेऱ्याच्या धंद्यात 'बॉडी' हा शब्द इतक्या सहज वापरतात की नवा माणूस क्षणभर दचकतो. "बॉडी दुरुस्तीला टाकलीय", "उद्याच्या लग्नाला दोन बॉड्या लागतील", अशी वाक्यं स्टुडिओत दिवसभर कानावर पडतात. लेन्स काढून ठेवली की मागे जो डबा उरतो, ती बॉडी. मी काही वर्षं लग्नाची कामं केली आणि नंतर छायाचित्रणाचा इतिहास शिकवू लागलो. त्यामुळे तुळशीची लग्नं लागली की दरवर्षी मला एकच प्रश्न विचारला जातो, "सर, कोणती बॉडी घेऊ?"

विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक असतो तालुक्याच्या गावातला तरुण. मित्राबरोबर दोन-चार लग्नं केलेली असतात, आता स्वतःचं काम सुरू करायचं असतं आणि त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायची तयारी असते. दुसरं असतं नोकरी करणारं एखादं जोडपं. घरात बाळ आलेलं असतं किंवा हिमाचलची सहल ठरलेली असते, आणि फोनपेक्षा काहीतरी चांगलं हवं असतं. प्रश्न दोघांचा एकच, पण मी दोघांना वेगवेगळं उत्तर देतो. त्यामागचं कारण किमतीत सापडत नाही आणि मेगापिक्सेलमध्येही सापडत नाही. ते कॅमेऱ्याच्या एकशे ऐंशीहून अधिक वर्षांच्या इतिहासात आहे. त्या इतिहासाकडे आज आपण एकाच प्रश्नाच्या अंगानं पाहू या. फोटो हुकला, तर नुकसान कोण सोसतं?

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जगाला जाहीर झाली. पुढे लंडनमध्ये १८५३ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि अवघ्या एका वर्षात, १८५४ मध्ये, मुंबईत तशीच सोसायटी उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या मुंबईच्या सोसायटीतले एक जाणते छायाचित्रकार. त्या काळात 'बॉडी कोणती' हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. बॉडी म्हणजे सुताराच्या हातची लाकडी पेटी. तिच्यात उजेड शिरता कामा नये, एवढीच अपेक्षा. पुढे उष्ण देशांसाठी खास सागवानी पेट्या निघाल्या. त्यांच्या सांध्यांना पितळी पट्ट्या ठोकत, कारण दमट हवेत सरस सुटून पेटी उकलायची. कॅमेऱ्याची बॉडी हवामान पाहून घ्यावी, हा धडा इतका जुना आहे.

खरी कसोटी होती ती काच तयार करण्याची. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात काचेवर रसायन चढवायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि ओलं असतानाच काच धुऊन काढायची. म्हणजे छायाचित्रकाराला काळोखाचा तंबू बरोबर घेऊनच हिंडावं लागे. काही बिघडलं तर सगळी जबाबदारी त्याच्या एकट्याची. त्या अर्थानं त्या काळात हौशी असा कुणी नव्हताच. हौसेनं करणाऱ्यालाही व्यवसाय करणाऱ्याइतकीच मेहनत पडत होती.

ही स्थिती बदलली १८८८ मध्ये. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी 'कोडॅक' नावाची २५ डॉलरची पेटी बाजारात आणली. तिच्यात शंभर फोटोंचा रोल भरलेलाच असायचा. शंभर फोटो काढायचे आणि पेटी तशीच्या तशी कारखान्यात पाठवायची. तिथे रोल धुऊन, फोटो छापून, नवा रोल भरून पेटी परत येई. १९०० साली याच कंपनीनं एक डॉलरचा 'ब्राउनी' काढला आणि कॅमेरा मुलांच्याही हातात गेला. छायाचित्रणाचे दोन रस्ते इथे वेगळे झाले. घरच्या माणसाची काळजी कारखान्यानं उचलली आणि त्याच्या डब्यातून शक्य तितकं सगळं काढून टाकलं. धंदेवाईक छायाचित्रकाराच्या डब्यात मात्र उलट भर पडत गेली.

आपल्याकडे हा साधा डबा 'आग्फा क्लिक थ्री'च्या रूपानं घरोघर पोचला. १२० नंबरचा रोल घालायचा, त्यात बारा चौकोनी फोटो निघायचे. फिरवण्यासारखं त्यावर फारसं काही नव्हतं. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांचे लहानपणीचे कृष्णधवल फोटो घरातल्या जुन्या अल्बममध्ये असतील, तर त्यांतले बरेचसे अशाच डब्यातून निघालेले असतील. ऐंशीच्या दशकात 'हॉट शॉट' आला आणि फ्लॅशही घरात आला. या कॅमेऱ्यांचे फोटो तांत्रिकदृष्ट्या सामान्यच. पण गणपतीसमोर बसलेली आजी त्यात नीट ओळखू येते आणि घराला तेवढं पुरतं. बारातले चार फोटो हुकले तरी कुणी कुणाला जाब विचारत नसे.

दुसऱ्या रस्त्यावर काय चाललं होतं? जर्मनीत लाइट्स कंपनीत ऑस्कर बारनॅक नावाचे एक यंत्रज्ञ होते. त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून, सिनेमातल्या दोन चौकटींच्या जागेत एक फोटो घेणारा छोटा कॅमेरा बनवला. तो 'लायका' या नावानं १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. त्याची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. आज दुकानातला मुलगा आपल्याला 'फुल फ्रेम' कॅमेरा दाखवतो, तेव्हा तो हेच माप सांगत असतो. एका माणसानं सिनेमाची फिल्म वापरायची ठरवली, म्हणून शंभर वर्षांनंतरही हे माप व्यवसायाची कसोटी होऊन बसलं आहे. निसर्गात त्या मापाला काही खास अर्थ नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

लहान कॅमेरा आला म्हणून मोठे कॅमेरे लगेच गेले नाहीत. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या होत्या. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी टिपली, ती 'स्पीड ग्राफिक' आणि 'रोलायफ्लेक्स'वर. स्पीड ग्राफिकमध्ये एक फोटो घेतला की होल्डर उलटायचा किंवा बदलायचा. पाहुणा विमानातून उतरतानाचा क्षण एकदाच येतो आणि हातात फोटोही जेमतेम एकच. वृत्तपत्राच्या माणसानं बॉडीकडून वेग आणि भरवसा का मागितला, हे त्यावरून कळतं.

ही मागणी पुरी करणारी बॉडी म्हणजे एसएलआर. लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो आणि तिथून डोळ्यापर्यंत येतो, त्यामुळे फिल्मवर जे उमटणार तेच छायाचित्रकाराला दिसतं. ड्रेस्डेनमध्ये १९३६ साली 'किने एक्झाक्टा' निघाला. 'कॉन्टॅक्स एस'नं १९४९ मध्ये त्यावर प्रिझम बसवलं आणि चित्र सरळ दिसू लागलं. मग १९५९ मध्ये जपानमधून 'निकॉन एफ' आला. त्याची पाठ, प्रिझम, पडदा, लेन्स, सगळं बदलता येत होतं. कॅमेरा म्हणजे एक वस्तू हा समज तिथे मागे पडला आणि कॅमेरा म्हणजे एक कुटुंब झालं. त्या कुटुंबाचं आडनाव म्हणजे माऊंट. लेन्स बॉडीला जिथे अडकते, त्या धातूच्या गोल कड्याला माऊंट म्हणतात.

फिल्मच्या काळातली एक गोष्ट आजच्या तरुणांना सांगितली तर नवल वाटतं. लेन्स एकच असेल आणि रोल एकच असेल, तर स्वस्त बॉडीतून आणि महाग बॉडीतून निघालेल्या फोटोत फरक करता येत नसे. शटर अचूक हवं आणि आत उजेड शिरायला नको, बस्स. महाग बॉडी घेणारा माणूस चांगल्या फोटोसाठी पैसे मोजत नव्हता. ती बॉडी पावसात बंद पडणार नाही आणि हजारो रोल काढले तरी थकणार नाही, यासाठी तो पैसे मोजत होता. एका अर्थानं तो विमाच उतरवत होता. म्हणूनच एक चांगली बॉडी वीस-वीस वर्षं चाले आणि बापाचा कॅमेरा मुलाकडे जाई.

माऊंटचं महत्त्व लोकांना कळलं ते १९८७ मध्ये. कॅननकडे १९७१ पासूनचा 'एफडी' माऊंट होता. आपोआप फोकस करणाऱ्या नव्या यंत्रणेसाठी कंपनीनं तो बाजूला ठेवला आणि 'ईओएस' मालिकेबरोबर 'ईएफ' हा नवा माऊंट आणला. जुन्या लेन्स नव्या बॉडीवर सरळ बसेनात. ज्यांनी वर्षानुवर्षं लेन्स जमवल्या होत्या, त्यांना हे किती लागलं असेल याची कल्पना करा. निकॉननं जुना माऊंट ठेवला. पण तिथेही बारीक अक्षरातल्या अटी होत्या. २००६ च्या 'डी ४०' या स्वस्त बॉडीत फोकस फिरवणारी मोटरच नव्हती. ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नव्हती, त्या बसत होत्या, पण फोकस हातानं करावा लागे. लेन्स बसते म्हणजे सगळं चालतं असं नाही, ही गोष्ट जुना माल घेणाऱ्यानं आजही ध्यानात ठेवावी.

आता डिजिटलकडे येऊ. कोडॅकमधले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्रात शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार ठिपके, आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद. त्याच कोडॅकनं १९९१ मध्ये 'निकॉन एफ ३'च्या बॉडीला १३ लाख ठिपक्यांचा सेन्सर जोडून वृत्तसंस्थांसाठी कॅमेरा विकायला काढला. त्याची हार्ड डिस्क वेगळ्या पेटीत खांद्यावर बाळगावी लागे आणि किंमत वीस हजार डॉलरच्या आसपास होती. १९९९ मध्ये २७ लाख ठिपक्यांचा 'निकॉन डी १' आला तो पाच हजार डॉलरच्या वर. २००३ मध्ये ६३ लाख ठिपक्यांचा 'कॅनन ३०० डी' हजार डॉलरच्या आत मिळू लागला. बारा वर्षांत ठिपके पाचपट झाले आणि किंमत विसाव्या हिश्शावर आली. आपल्याकडचे स्टुडिओ डिजिटलवर गेले ते यानंतरच्या काही वर्षांत.

या बदलात सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती बॉडीच्या पोटात. पूर्वी फिल्म बाहेरून यायची. चांगली फिल्म निघाली की जुन्या बॉडीत ती घालता यायची. डिजिटलमध्ये फिल्मची जागा सेन्सरनं घेतली आणि सेन्सर तर बॉडीत कायमचा बसवलेला. त्यामुळे बॉडी हीच फिल्म झाली आणि फिल्म जुनी झाली की बॉडीही जुनी झाली. वीस वर्षं टिकणारी वस्तू चार-पाच वर्षांत मागे पडू लागली. लेन्स मात्र पूर्वीसारख्याच टिकत राहिल्या. म्हणून माझा पहिला सल्ला असा असतो की एकूण रकमेचा मोठा हिस्सा बॉडीत घालू नका. बॉडी बदलणार आहेच. लेन्स आणि माऊंट तुमच्याबरोबर राहणार आहेत.

मग मेगापिक्सेलचं काय? साधा हिशेब करू. ६ मेगापिक्सेल म्हणजे ३००० गुणिले २००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरून छापलं तर दहा इंच लांबीचा उत्तम फोटो मिळतो. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान इंचाला २०० ठिपक्यांनी छापायचं तर साडेआठ मेगापिक्सेल लागतात. म्हणजे २००५ च्या 'कॅनन ५ डी'चे पावणेतेरा मेगापिक्सेलही त्याला पुरून उरत होते. शिवाय मेगापिक्सेल दुप्पट झाले म्हणून फोटोची लांबी दुप्पट होत नाही, ती दीडपटही होत नाही. आज कुठलीही नवी बॉडी घेतली तरी अल्बमपुरते ठिपके तिच्यात असतातच. त्या आकड्यावर निवड करण्याचा काळ केव्हाच मागे पडला.

सेन्सरचं क्षेत्रफळ मात्र महत्त्वाचं. फुल फ्रेम म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. 'एपीएस-सी' नावाचा मधला सेन्सर साधारण ३७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे निम्म्याहून लहान. बहुतेक फोनमधला तर करंगळीच्या नखाएवढा. सेन्सर म्हणजे पागोळीखाली ठेवलेलं घमेलं समजा. घमेलं मोठं तितकं पाणी जास्त जमतं. अंधूक मंडपात, संध्याकाळच्या गोरज मुहूर्तावर, फ्लॅश न मारता काम करायचं असेल तेव्हा हा फरक दिसतो. २००७ च्या 'निकॉन डी ३'चे मेगापिक्सेल बाराच होते. पण कमी उजेडात तो जे दाखवत होता, ते पाहून वृत्तपत्रांची माणसं थक्क झाली होती. भर उन्हात काढलेल्या फोटोत मात्र लहान-मोठ्या सेन्सरचा फरक ओळखणं जड जातं.

२००८ हे वर्षही लक्षात ठेवण्यासारखं. त्या वर्षी 'निकॉन डी ९०'मध्ये व्हिडिओ आला, 'कॅनन ५ डी मार्क टू'मध्ये तो सिनेमाच्या तोडीचा झाला, आणि पॅनासॉनिकनं 'लुमिक्स जी १'मधून आरसाच काढून टाकला. २०१३ मध्ये सोनीनं बिनआरशाच्या बॉडीत फुल फ्रेम सेन्सर बसवला. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोघांनीही बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नवे माऊंट आणले. यावेळी जुन्या लेन्ससाठी जोडकडी दिली, १९८७ सारखं लोकांना वाऱ्यावर सोडलं नाही. आरसा गेल्यानं बॉडी हलकी झाली आणि माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवू लागली. आवाज न करता फोटो घेता येऊ लागले, त्यामुळे होमाजवळ भटजींच्या मंत्रांत खटखट होत नाही.

या २०१८ च्या बॉड्यांची एक गोष्ट माझ्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जाते. 'निकॉन झेड ६', 'झेड ७' आणि 'कॅनन ईओएस आर' या नव्या बॉड्या बाकी सर्व बाबतींत आधुनिक होत्या, पण त्यांत मेमरी कार्डासाठी खाच एकच होती. व्यवसाय करणाऱ्यांनी यावर जगभर नाराजी व्यक्त केली. घरच्या माणसाला या नाराजीचा अर्थच कळणार नाही. दोन खाचा असल्या की प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो. एक कार्ड गेलं तरी दुसरं हातात राहतं. २०२० मध्ये निकॉननं 'झेड ६ टू' आणि 'झेड ७ टू'मध्ये, तर कॅननंही 'आर ५' आणि 'आर ६'मध्ये दुसरी खाच दिली.

दुसऱ्या खाचेची किंमत मी जवळून पाहिली आहे. आमच्या नात्यातल्या एका लग्नात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. छायाचित्रकार चांगला होता, मेहनती होता. मुहूर्ताचे सगळे फोटो ज्या कार्डावर होते, ते कार्ड रात्री संगणकात उघडेना. आठ-दहा दिवस त्यानं चार ठिकाणी खेटे घातले. काही निघालं नाही. कार्ड कुठलं होतं हा प्रश्न इथे गौण आहे, कार्ड कुठलंही जाऊ शकतं. त्यानं पैसे परत केले. मुलीच्या वडिलांनी ते घेतले, रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले की आता पुन्हा अक्षता कुठून टाकायच्या? त्या मुलाच्या गळ्यातली बॉडी बाजारातल्या चांगल्यांपैकी होती. तिचे फोटो पाहून कुणीही वाहवा केली असती. पण अक्षता पडताना उपयोगी पडेल अशी ती एक खाच तिच्यात नव्हती.

म्हणून कर्ज काढून धंद्यात उतरणाऱ्या तरुणाला मी असं सांगतो. बाबा रे, एक महाग बॉडी घेण्यापेक्षा दोन मध्यम बॉड्या घे, आणि त्या एकाच माऊंटच्या घे. दुसरी जुनी असली तरी चालेल. दोन खाचांची बॉडी घे. शटरच्या आयुष्याचा हिशेब कर. मधल्या दर्जाच्या कित्येक बॉड्यांचं शटर दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. हा आकडा मोठा वाटतो, कारण फिल्मच्या भाषेत ते ३६ फोटोंचे चार हजारांहून जास्त रोल झाले. पण आज एका लग्नात तीन हजार फोटो सहज निघतात, म्हणजे पन्नास लग्नांत दीड लाख पुरे. शटर नवं बसवता येतं, पण त्याचा खर्च कर्जाच्या हप्त्यांबरोबरच धरायला हवा. जुनी बॉडी घेताना शटर किती वेळा पडलंय ते आधी बघ. दुरुस्तीचं केंद्र तुझ्या गावापासून किती लांब आहे ते विचार. ऐन मोसमात बॉडी पुण्या-मुंबईला पाठवावी लागली तर पंधरा दिवसांचं काम बुडतं. एखाद्या मोठ्या कामाला मोठी बॉडी लागलीच तर भाड्यानं आण. आणि कोकणात राहत असशील तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल आधी घे, नाहीतर पावसाळा संपेपर्यंत लेन्सवर बुरशी धरते. त्या सागवानी पेटीच्या पितळी पट्ट्या आठवतात ना, गोष्ट तीच आहे.

कंपनी कोणती, असंही तो विचारतो. इतिहास पाहता कुठल्याही कंपनीवर डोळे मिटून भरवसा टाकू नये. पहिला डिजिटल कॅमेरा जिथे बनला, त्या कोडॅकनं जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. आपोआप फोकसचा १९८५ चा गाजलेला 'मिनोल्टा ७०००' ज्या घराण्याचा, त्या कोनिका मिनोल्टानं २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला आणि तो माऊंट सोनीकडे गेला. २०१० मध्ये जगात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२० मध्ये तो आकडा एक कोटीच्याही खाली आला. मधल्या काळात फोनमधल्या कॅमेऱ्यानं बहुतेक घरांची गरज भागवली होती. अशा बाजारात जास्तीत जास्त लोक वापरतात तो माऊंट बरा. त्याच्या लेन्स जुन्या बाजारात मिळतात, भाड्यानं मिळतात आणि मोडीत निघाल्या तरी चार पैसे सोडवतात.

घरातल्या बाळासाठी कॅमेरा घेणाऱ्यांना यातलं जवळजवळ काहीच लागू होत नाही. त्यांना दोन खाचा नकोत, दीड लाखांचं शटर नको, पावसात चालणारी बॉडीही नको. फोटो हुकला तर बाळ उद्या पुन्हा हसणार आहे. त्यांना हवी हलकी बॉडी, कारण जड बॉडी दोन महिन्यांत कपाटात जाते, आणि कपाटातला कॅमेरा कितीही चांगला असला तरी तो फोटो काढत नाही. दुकानात जाऊन बॉडी हातात धरून बघा. करंगळी खाली लटकते का, बटणं अंगठ्याला सापडतात का, डोळ्याला लावल्यावर चष्मा अडतो का, हे कागदावरच्या आकड्यांत कळत नाही. दोन-तीन वर्षं जुनी, एपीएस-सी सेन्सरची बॉडी आणि तिच्यावर ५० किंवा ३५ मिलिमीटरची एक साधी, मोठ्या छिद्राची लेन्स घेतली तर घरातल्या ट्यूबलाइटमध्येही सुंदर फोटो येतात. आणि फोनचे फोटो पाहून तुमचं समाधान होत असेल, तर काहीच घेऊ नका. वाचलेल्या पैशांतून वर्षातले पन्नास फोटो छापून अल्बममध्ये लावा. आग्फाच्या डब्यातले ते बारा चौकोनी फोटो आपल्यापर्यंत पोचले, कारण ते कागदावर होते.

व्यवसाय आणि हौस यांतली रेघ उपकरणानं ओढलेली नाही. व्यवसाय करणारा माणूस दुसऱ्याच्या घरचा क्षण सांभाळायचं वचन देतो, आणि त्याच्या बॉडीनं ते वचन पाळायला मदत करायला हवी. हौशी माणसाचं वचन फक्त स्वतःशी असतं, म्हणून त्याला मोकळीक जास्त. त्याची बॉडी जुनी चालते, एकुलती एक चालते, बंद पडली तरी चालते.

तेव्हा यंदा कुणी कॅमेरा घ्यायला निघालं असेल, तर दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर तीन ओळी लिहा. मी बहुतेक फोटो कुठल्या उजेडात काढणार? मी हा डबा दिवसात किती तास अंगावर बाळगणार? आणि फोटो हुकला तर मला कुणापुढे उभं राहावं लागणार? तिसऱ्या ओळीत दुसऱ्याचं नाव येत असेल तर एक पाऊल वरची बॉडी घ्या आणि बाकीच्या गोष्टींत काटकसर करा. तिथे फक्त स्वतःचं नाव असेल, तर दुकानदार दाखवील त्यापेक्षा एक पाऊल खालची घ्या. उरलेल्या पैशांत बाळाला घेऊन कुठंतरी जाऊन या.